हिरवा ठिपका

बारावीचा निकाल लागून दोन-तीन आठवडे झाले की माझी भूक मरते. घरातल्यांना आता ते ठाऊक झालंय. सासूबाई न बोलता माझ्या ताटातली एक भाकरी कमी करतात, नवरा टीव्हीचा आवाज खाली करतो. प्रवेशअर्जांचे दिवस आले, एवढंच सगळे समजतात. छत्र्या दाराशी निथळत असतात, न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास घरभर असतो, आणि राज्यभरातली मुलं एकाच आठवड्यात एकाच वेबसाइटवर येऊन धडकत असतात. ते पान उघडतंय का, किती वेळात उघडतंय, कुठे अडून बसतंय, हे बघणं म्हणजे माझी नोकरी. वेबसाइट ज्या मशीनवर चालते त्याला सर्व्हर म्हणतात. त्या सर्व्हरवर नजर ठेवणारी मी.

परवा आमच्या ठाण्याच्या ऑफिसात नवीन लागलेली एक मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "मॅडम, सगळं ग्रीन आहे. जेवून येऊ?"

"कुणाच्या बाजूनं ग्रीन?" मी विचारलं.

ती गोंधळली. माझा आवाज जरा चढलाच होता. मी तिला जेवायला पाठवलं आणि तिच्या खुर्चीत बसून राहिले. तिला नीट सांगायचं तर मला माझ्या माहेरच्या गावी, वळला, परत जावं लागलं असतं, माझ्या नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात. तिथे जायला मी अजूनही टाळाटाळ करते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. भिवंडीच्या आजूबाजूची भातखाचरं भराभर गोडाऊनांखाली जात होती. पूर्णा, वळ, एकामागून एक गाव निळ्या पत्र्यांनी झाकलं जात होतं. आमचंही रस्त्यालगतचं शेत गेलं. त्यावर गोडाऊन उभं राहिलं, गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर एका कंपनीनं ऑफिस थाटलं, आणि जागामालक पाटलांची मुलगी, शिवाय कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली, म्हणून मला तिथे नोकरी लागली. ज्या जमिनीत आई वाकून लावणी करायची, तिच्याच वर दोन माणसं उंचीवर मी एसीत खुर्चीवर बसायचे. आईला याचं फार कौतुक. ती शेजारणींना सांगायची, "आमची सुलभा शेतातच कामाला हाय, पन पाय भिजत न्हाय तिचं."

ऑफिस म्हणजे एक मोठी खोली, आणि काचेच्या भिंतीपलीकडे सर्व्हरची छोटी, बर्फासारखी थंड खोली. आत पंख्यांचा अखंड घूं आवाज. बाहेर खिडकीतून उरलीसुरली खाचरं दिसायची, त्यांच्या कडेला चिखलात रुतलेले ट्रेलर. आम्ही माणसं मोजकी. मॅनेजर सामंतसर, मुंबईहून रोज गाडीनं यायचे. सर्व्हर सांभाळणारा इरफानभाई, भिवंडीचाच, त्याच्या घरी पॉवरलूम होते. लूमच्या खडखडाटात वाढल्यामुळे की काय, पंख्याचा आवाज किंचित बदलला तरी मान वर करायचा. आणि खाली, गोडाऊनच्या मागच्या शेडमध्ये, जनरेटर चालवणारे गायकवाडकाका.

काका आमच्याच गावचे, बौद्धवाड्यातले. आधी भिवंडीत लूम दुरुस्त करायचे. तेव्हा लोडशेडिंग इतकं होतं की दिवसातून कितीदा लाइट जायची याची गिनती नव्हती. लाइट गेली की सर्व्हर बॅटरीवर दहा मिनिटं तग धरायचे. त्या दहा मिनिटांत काकांनी जनरेटर चालू करायचा. काका दोन मिनिटांत करायचे. डबा खाताना लाइट गेली तर तोंडातला घास तसाच ठेवून पळायचे. त्यांच्या शर्टाला, केसांना, अगदी त्यांनी आणून दिलेल्या चहाच्या पेल्यालाही डिझेलचा वास असायचा.

माझं काम सोपं होतं. एक प्रोग्राम दर पाच मिनिटांनी वेबसाइटचं पहिलं पान उघडून बघायचा. उघडलं तर स्क्रीनवर हिरवा ठिपका, नाही उघडलं तर लाल. पान उघडायला किती वेळ लागला त्याची रेघ खाली सरकत राहायची, आणि संध्याकाळी दिवसभराची सरासरी निघायची. लाल ठिपका दिसला की इरफानभाईला हाक मारायची. दिवसभर हिरवं राहिलं की मला उगाच स्वतःचाच अभिमान वाटायचा, जणू ते मीच करून दाखवलंय.

त्या वर्षी एका संस्थेचे नर्सिंगच्या डिप्लोमाचे अर्ज आमच्या सर्व्हरवर येणार होते. त्यांनी कागदी अर्ज पहिल्यांदाच बंद केले होते. वेबसाइटवर भरायचा, नाहीतर नाही. ही बातमी कळल्यापासून काकांचं पाऊल जमिनीवर ठरत नव्हतं. त्यांची मोठी मुलगी मनीषा अंबाडीला मावशीकडे राहून बारावी झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं. ती लहान असताना काकांचा हात लूमच्या पट्ट्यात सापडला होता, तेव्हा सरकारी दवाखान्यात ज्या सिस्टरनं त्यांची पट्टी केली ती मनीषाच्या डोक्यात बसली होती, असं काका सांगायचे.

"बाय, माझ्या मनीचा फॉर्म ह्याच मशिनीत येनार ना?" त्यांनी एकदा काचेला नाक लावून विचारलं.

"हो काका. इथेच."

"मंग लाइट जाऊ दे न्हायतर काय बी होऊ दे. मशीन बंद पडू देनार न्हाय मी."

आणि त्यांनी ते पाळलं. माणसानं इतका पाळलेला शब्द मी त्याआधी आणि त्यानंतर फारसा पाहिला नाही.

मनीषाचा जातीचा दाखला तहसील कचेरीत अडकला होता. तो मिळाला मुदतीच्या आदल्या संध्याकाळी. म्हणजे अर्ज शेवटच्या दिवशी भरायचा. संध्याकाळी पाचपर्यंत. यात कुणाचीच चूक नव्हती, आणि तशी मुलं पुष्कळ होती. कुणाचा दाखला, कुणाची गुणपत्रिका, कुणाच्या गावात कॉम्प्युटरच नाही. सगळी त्या एका दिवसावर येऊन थांबली होती.

त्या सकाळी पाऊस धो-धो पडत होता. लाइट दहा वाजताच गेली. खाली जनरेटर धडधडायला लागला, फरशी नेहमीसारखी पायाखाली थरथरू लागली. माझ्या स्क्रीनवर हिरवा ठिपका होता. सर्व्हरच्या खोलीतले सगळे पंखे मात्र एकदम चढले. इरफानभाई आत गेला तो बाहेर आलाच नाही.

साडेअकराच्या सुमाराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. "हॅलो, गायकवाड जनरेटरवाले आहेत का? मी त्यांची मुलगी बोलते. अंबाडी नाक्यावरून." आवाज घाईचा, पण रडका नाही. मी काकांना वर बोलावलं. ते ओल्या पायांनी आले, रिसीव्हर कानाला घट्ट दाबून ऐकत राहिले. मग रिसीव्हर हातात तसाच धरून माझ्याकडे वळले.

"बाय, मनी म्हनते फॉर्म जात न्हाय. पयलं पान भरलं, फुडचं पान उघडतच न्हाय. सकालपासून कॅफेत बसलीय. आपली मशीन बंद हाय का?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. तेवढंच मी केलं.

"नाही काका. आपलं सगळं चालू आहे. हे बघा, हिरवं आहे. तिकडची लाइन स्लो असेल. अंबाडीला नेट कसलं येतंय. तिला सांगा, भिवंडीला जाऊन भर."

काकांनी तेच तिला सांगितलं. ती पलीकडून काहीतरी म्हणाली असावी, कारण काका जरा चिडून म्हणाले, "अगं सुलभाताई बोलते ना चालू हाय म्हनून! तुला जास्त कलतं का तिच्यापरीस?"

फोन ठेवून ते क्षणभर घुटमळले. "हितं येऊन भरली तर चालंल का गं बाय? ह्या कॉम्प्युटरवर?"

अंबाडीहून वळ भिवंडीपेक्षा फार लांब नव्हतं. माझ्या शेजारचा कॉम्प्युटर दिवसभर रिकामाच होता. पण बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही, असा सरांचा नियम होता, आणि नोकरीला मला जेमतेम सहा महिने झाले होते. मी म्हटलं, "सर नाही म्हणतील काका." सरांना मी विचारलंसुद्धा नाही. ते पाच पावलांवर बसले होते.

काकांनी मान हलवली आणि खाली गेले. लाइट अजून आली नव्हती. दुपारी दोन वेळा डिझेल भरताना मी त्यांना खिडकीतून पाहिलं. डोक्यावर प्लास्टिकचं पोतं, हातात डबा. त्या दिवशी सहा-साडेसहा तास त्यांनी सर्व्हर एक क्षण बंद पडू दिला नाही. संध्याकाळी सरासरी निघाली. पान उघडायला एक सेकंदही लागत नव्हता. ठिपक्यांची रांग सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवीगार होती, खिडकीबाहेरच्या भाताच्या आवणासारखी.

दुसऱ्या दिवशी काका चहा घेऊन वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"गेला का फॉर्म?" मी विचारलं.

"न्हाय गेला." मग खाली बघत म्हणाले, "पोरगी खोटं बोलली, बाय. येका मानसानं तिला दुपारी अंबाडी नाक्यावर उभी पायली. दोघी-तिघी पोरींबरोबर. हिंडत बसली आसंल, आन मना सांगते मशीन चालत नव्हती. मशीन कशी चालत नव्हती? मी सोता चालवत व्हतो. तू पन बोललीस ना चालू हाय म्हनून?"

"हो," मी म्हणाले.

"लय बोललो तिला."

ती नाक्यावर का उभी असेल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मीच तिला भिवंडीला पाठवलं होतं. ती जीपची वाट बघत उभी होती.

त्या आठवड्यात संस्थेकडे तक्रारींचा ढीग लागला. अर्ज गेलाच नाही, पान उघडलंच नाही, आम्हाला आणखी एक दिवस द्या. संस्थेनं आमच्याकडे अहवाल मागितला. शेवटच्या दिवशी सर्व्हर चालू होता की बंद? सरांनी ते काम मला दिलं. मी आलेख छापायला घेतला, तेव्हा इरफानभाई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.

"पाटील, तू काय देतेस ते माहीत आहे का तुला?" तो म्हणाला. "तुझा प्रोग्राम फक्त पहिलं पान बघतो. ते पान तयारच असतं, त्याला काही करावं लागत नाही. आणि बघतो पण कुठून? इसी कमरे से. रेशनच्या दुकानाचं शटर उघडं आहे का, एवढंच तू बघतेस. अंदर काउंटर पे लाइन हिलती है या नहीं, वो कौन देखेगा?"

मग त्यानं सर्व्हरची नोंदवही उघडली. प्रत्येक सर्व्हर अशी नोंद ठेवत असतो. कोण आलं, किती वाजता, कोणतं पान मागितलं, किती वेळ लागला, मिळालं की नाही. त्या दिवसाच्या नोंदी संपता संपत नव्हत्या. पहिलं पान मागणाऱ्यांना ते लगेच मिळालं होतं. पण भरलेला अर्ज साठवायला पाठवणाऱ्यांचं काय झालं ते त्या ओळींत स्पष्ट होतं. सर्व्हर एका वेळी ठरावीक अर्जच साठवू शकत होता. बाकीचे मागे थांबले होते, एक मिनिट, दोन मिनिटं, आणि मग त्यांना तसंच परत पाठवलं होतं. ते पुन्हा आले होते. पुन्हा परत. इरफानभाईनं दिवसभर आत बसून जागा वाढवायचा प्रयत्न केला होता. सरांना दोनदा सांगितलं होतं. सर म्हणाले होते, मॉनिटर तर ग्रीन दाखवतोय.

अर्धवट राहिलेल्या अर्जांची यादीही त्यात होती. ज्यांचं पहिलं पान साठवलं गेलं होतं आणि पुढचं कधीच आलं नव्हतं अशांची. मी ती वाचत गेले. मधेच नाव आलं. गायकवाड मनीषा. सकाळी नऊ चाळीस. त्यापुढे तिच्या प्रयत्नांच्या ओळी. नऊ पन्नास, दहा सात, दहा बावीस. साडेअकराच्या आधी एक. बारापर्यंत आणखी. मग तीन तासांची रिकामी जागा. मग दुसऱ्या ठिकाणाहून, बहुतेक भिवंडीतून, पुन्हा तेच नाव. तीन दहा. तीन अठरा. साडेतीन. चार. शेवटची ओळ पाच वाजून गेल्यावरची.

मी त्या ओळी मोजल्या नाहीत. मोजायची माझी हिंमत झाली नाही.

"हे अहवालाला जोडायला पाहिजे," इरफानभाई म्हणाला.

मी सरांकडे घेऊन गेले. त्यांनी दोन-चार पानं चाळली. सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला, त्या थंड खोलीत.

"सुलभा, त्यांनी काय विचारलंय? सर्व्हर चालू होता की बंद. होता ना चालू?"

"होता सर, पण..."

"मग तेवढंच लिही. विचारलं नाही ते सांगायला गेलो तर हे काम पण जाईल आणि पुढचं पण. सगळ्यांच्याच नोकऱ्या आहेत ना इथे?" त्यांनी नोंदीचे कागद ड्रॉवरमध्ये ठेवले. "सही तुझी लागेल. तपासणारी तू आहेस."

मी सही केली. त्या कागदावर एकही खोटा शब्द नव्हता. मला आजही पाठ आहे. 'सदर दिवशी सर्व्हर पूर्ण वेळ कार्यरत होता. पान उघडण्याचा सरासरी वेळ समाधानकारक होता.' त्या आधारावर संस्थेनं सगळ्या तक्रारी निकालात काढल्या. सर्व्हर चालू होता, त्यामुळे उशीर हा अर्जदारांचा दोष आहे, असं पत्र मुलांना गेलं. काकांनी ते पत्र मला वाचायला आणून दिलं. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघ. लिवून पन आलं." आणि पत्राची घडी करून खिशात ठेवली.

त्या वेळी मी काही बोलले असते तर काय झालं असतं, याचा हिशोब मी पुष्कळ वेळा मांडून पाहिला. नोकरी गेली असती. बाबा ओरडले असते. तक्रारींचं काय झालं असतं, सांगता येत नाही. पण काकांना एवढं तरी कळलं असतं. त्याला ना सरांची परवानगी लागत होती, ना कागद. जिना उतरून शेडपर्यंत जायचं होतं. मी रोज तो जिना उतरत होते.

न बोलण्याची सवय लागते. पहिले काही दिवस काका चहा घेऊन आले की छातीत धस्स व्हायचं. मग पाऊस ओसरला, भातं पोटरीला आली, उरलेल्या शेतांवर संध्याकाळी बगळे उतरायला लागले. मला दिवाळीत पगारवाढ मिळाली. धस्स होणं कमी झालं. पुढच्या वर्षी अर्जांचे दिवस आले तेव्हा इरफानभाईनं आणि मी मिळून तपासणी बदलली. आता आमचा प्रोग्राम बाहेरच्या लाइनवरून यायचा आणि शेवटच्या पानापर्यंत अर्ज भरून बघायचा. सरांनी कौतुक केलं. मनीषानं त्या वर्षी अर्ज भरला नाही. काका म्हणाले, "आता काय नको. एकदा दिली संधी." ती पूर्णाच्या एका गोडाऊनमध्ये माल पॅक करायला लागली होती. मी ऐकलं आणि कामाला लागले.

चार वर्षं गेली. इरफानभाई आखातात गेला. काकांनी काम सोडलं. माझं लग्न ठरलं, ठाण्याला. एकदा पूर्णाच्या नाक्यावर मी रिक्षाची वाट बघत होते, तेव्हा शिफ्ट सुटलेल्या बायकांच्या घोळक्यातून एक मुलगी माझ्याकडे आली. गळ्यात ओळखपत्र, बोटांना चिकटपट्टीचा मळ. ती मनीषा होती. तिला मी तोवर दोन-तीनदाच, तेही लांबून पाहिलं होतं.

"लग्न ठरलं ना ताई तुमचं? आई सांगत होती."

"हो. काका कसे आहेत?"

"बरे आहेत." मग इकडेतिकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझ्याशी बोलत नाहीत ना ते. म्हणजे कामापुरतं बोलतात. पाणी दे, दार लाव. त्या फॉर्मपासून." जणू घरात एखादी खिडकी नीट लागत नाही तसं. तिची जीप आली आणि ती चढून गेली.

मला वाटत होतं तिची नर्सिंगची जागा गेली. तेवढंच गेलं असं धरून मी चार वर्षं काढली होती.

त्या रविवारी मी बौद्धवाड्यात गेले. लग्नाची पत्रिका हातात होती, तिचाच आधार. काकांचं घर आता पक्कं झालं होतं. काका ओटीवर खुर्चीत बसले होते, वाळलेले, केसांना आता डिझेलचा नाही, खोबरेल तेलाचा वास. काकूंनी पाणी दिलं. मनीषा आत तांदूळ निवडत होती, ती दारातून मला दिसत होती. मी पत्रिका दिली. मग वाटेत मनाशी घोकलेलं वाक्य हळूच म्हटलं.

"आं?" काका म्हणाले. "मोठ्यान बोल बाय. कान गेलं माझं. जनरेटरपायी."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आवाज वाढवला. काकांनी हात कानामागे धरला आणि नुसतं हसले, कळलं नाही तेव्हा माणूस हसतो तसं. माझं लग्नाचंच काहीतरी चाललंय असं त्यांना वाटत असावं. मग मी उभी राहिले आणि ओरडले.

"काका! मनीषा खरं बोलत होती! त्या दिवशी फॉर्म जात नव्हता! आमच्याच मशीनमुळे जात नव्हता! मला नंतर कळलं, आणि मी सांगितलं नाही!"

वाड्यातल्या दोन बायका धुणं टाकून बघायला लागल्या. समोरच्या घरातला रेडिओ बंद झाला. काकांचा हात कानामागेच राहिला. काकूंनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, आता काका मला जायला सांगतील. शिव्या देतील. मी त्यांचीच वाट बघत होते.

आतून मनीषा बाहेर आली. हातात सूप तसंच.

"मला कशाला ऐकवता?" ती म्हणाली. "मी तिथंच बसले होते."

मी म्हटलं, "काकांना सांगते आहे."

"चार वर्षांनी."

"हो."

क्षमा मागायचे शब्द मी घोकून आणले होते, पण ओरडून क्षमा मागता येत नाही. ते वाक्य ओरडून म्हटलं की वेगळंच काहीतरी होतं.

काका माझ्याकडे बघतच नव्हते. मग त्यांनी खुर्ची जराशी सरकवली, मनीषाच्या बाजूला, आणि विचारलं, "किती वाजल्यापास्नं बसली व्हतीस?"

सूप तिनं खाली ठेवलं. मग त्यांच्या खुर्चीजवळ उकिडवी बसून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्यानं सांगायला लागली. तो आवाज भांडणासारखा चढा होता, पण भांडणाचा नव्हता.

"साडेनऊ, बाबा. कॅफे उघडायच्या आधी पायरीवर होते. पहिलं पान भरलं. दुसरं पान फिरत राहायचं, मग पांढरं व्हायचं. परत पहिल्यापासून. बाजूची बाई म्हणाली, तू उठू नको, उठलीस तर नंबर जाईल. संडासला पण उठले नाही. मग तुम्ही म्हणालात भिवंडीला जा. नाक्यावर तास-दीड तास जीप नाही. दाखला पोलक्यात ठेवला होता, भिजू नये म्हणून. भिवंडीत लाइट नव्हती. तीन कॅफे बंद. चौथ्याकडे बॅटरी होती. तिथं पण तसंच. पान फिरायचं, पांढरं व्हायचं. माझं नाव मी किती वेळा लिहिलं, बाबा."

"आन पाच वाजता?" काकांनी विचारलं.

"पाच वाजून गेल्यावर उघडलं. एकदम उघडलं, पटकन. दिवसभरात पहिल्यांदा."

"काय लिवलेलं?"

"मुदत संपली आहे."

"मंग?"

"मग काय. घरी आले."

"मंग?"

मनीषानं एकदा काकूंकडे पाहिलं. मग पुन्हा त्यांच्या कानाशी वाकली. या वेळी तिचा आवाज तितका मोठा नव्हता. त्यांना ऐकू आला की नाही, मला कळलं नाही.

"मग तुम्ही मारलंत."

ती सरळ झाली. तिचं बोलणं संपलं होतं, तरी काकांनी कान तिच्याकडेच धरून ठेवला होता.